फळछाटणी

१४ जुलै, सोमवार

बाबांचा हुकूम आहे की रोज एक पान मराठीत लिहायचं, नाहीतर बडोद्यात राहून जीभ गुजराती होते. रोज जमणार नाही. लिहिण्यासारखा मूर्खपणा घडेल तेव्हा लिहीन. आज घडला.

द्राक्षशेतीच्या पदविकेचा पहिला दिवस होता. विद्यापीठ डभोई रस्त्यावर आहे. पुढे काचेची इमारत, मागे दोन एकर बाग. आम्ही सात विद्यार्थी. चौघांना दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही, दोघांना मुळात काही करायचंच नाही, आणि सातवा मी. मी हे निवडलेलं आहे. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या यादीत माझं नाव लागलं नाही हा निव्वळ योगायोग.

डीनसाहेब पाऊण तास बोलले आणि त्यात 'वाइन' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. 'मूल्यवर्धित फलपेय' म्हणाले. दारूबंदीच्या राज्यात द्राक्षं शिकवायची म्हणजे पोहण्याचा क्लास वाळवंटात. मी ठरवून टाकलं आहे : एक वर्ष इथे सोसायचं, मग नाशिककडची एखादी वाइनरी, पाच वर्षांत फ्रान्स. वाइनचा थेंब अजून चाखलेला नाही हे खरं, पण दोन जाड पुस्तकं वाचून झाली आहेत. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला कसला वास येतो ते मी झोपेतही सांगेन.

२२ जुलै, मंगळवार

आमचे मुख्य शिक्षक लक्ष्मण खराडे. तासगावकडचे. तीस वर्षं बागांमध्ये काढली म्हणतात आणि ते दिसतंच. नखांत माती, शर्टाच्या खिशात कात्री. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहितात तेव्हा एखादं अक्षर गळतं. आज मी ते उभं राहून दाखवलं. खराडे सर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि अक्षर घालून पुढे गेले. राग आला असणार, दाखवला नाही. अशी माणसं मनात ठेवतात.

त्यांनी गावाकडून जिजाबाई नावाच्या एका बाईला आणलं आहे. पन्नाशीची असेल, वाचता येत नाही. ही आम्हाला छाटणी शिकवणार. आम्हा पोतनिसांच्या घरातल्या पाच पिढ्यांनी सरकारी दप्तरं सांभाळली, सहावी आता जिजाबाईंच्या हाताखाली.

३ ऑगस्ट, रविवार

काल शेजारी विचारायला आले, विहंग काय करतो हल्ली. बाबा म्हणाले, "द्राक्षविज्ञान." हा शब्द त्यांनी स्वतः बनवला आहे. लाज वाटते म्हणून बनवला, दुसरं काय. निवृत्त झालेला इतिहासाचा प्राध्यापक, मुलगा शेतमजूर होणार हे कसं सांगेल.

आज तर कमाल झाली. बाबांनी ग्रंथालयातून द्राक्षांवरचं एक जुनं मराठी पुस्तक आणलं आहे आणि वहीत टिपणं काढत बसले आहेत. जेवताना मला विचारलं, ओलांडा म्हणजे वेलीची आडवी फांदीच ना? मी म्हटलं, असेल. त्यांना वाटतं, त्याने मला सोबत होते. आई म्हणाली, त्यांच्याशी जरा बोलत जा. मी ताट घेऊन टीव्हीसमोर गेलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वर्गात बरोबरीचं बोलण्यासारखा एकच माणूस आहे, मयंक. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, वडील आता इमारती बांधतात, तो स्वतः काहीच करत नाही. घरात मराठी, बाहेर गुजराती, माझ्याशी दोन्हींची खिचडी. त्याला द्राक्षांत रस नाही, पण फार्महाउसला बाग हवी म्हणून वडिलांनी घातलं आहे. म्हणतो, एकदा घरी ये, तुला खरी वाइन पाजतो, मामाने बाहेरगावाहून आणली आहे.

माझ्यासारख्याने पहिला घोट मयंककडे घ्यायचा हे जरा हास्यास्पद आहे. पण घेणार.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज फळछाटणी. एप्रिलची छाटणी लाकडासाठी, म्हणजे नव्या काड्यांसाठी, ऑक्टोबरची फळासाठी, एवढं पुस्तकात आहे. प्रत्येकाला एक ओळ मिळाली. मला खराडे सरांनी विहिरीजवळची, सगळ्यात चांगली ओळ दिली. चांगल्या ओळीत चूक झाली तर जास्त दिसते, म्हणून दिली असणार.

मी पुस्तकाप्रमाणे केलं. प्रत्येक काडीवर सात डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजायचे आणि कापायचं. एकसारखी, शिस्तीची ओळ. शेजारच्या ओळीत जिजाबाई होत्या. काडी बोटांत धरतात, वाकवून बघतात, आणि एक चार डोळ्यांवर कापतात तर दुसरी नवावर. मी विचारलं, हे कुठल्या नियमाने. त्या म्हणाल्या, "घड कुठल्या डोळ्यात निजलाय ते काडी सांगती." मी मयंककडे बघितलं, आम्ही दोघंही हसलो. काडी सांगते म्हणे.

खराडे सर माझ्या ओळीतून चालत गेले. मला वाटलं आता बोलतील. एवढंच म्हणाले, "उरलेल्या चार वेली बाईंना विचारून छाट." मी विचारलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

छाटल्यावर डोळे एकदम फुटावेत म्हणून एक रसायन लावतात. सगळे त्याला पेस्ट म्हणतात. आज ती लावली. त्याआधी खराडे सरांनी आम्हाला बांधावर बसवून ताकीद दिली. एकदा नाही, दोनदा.

म्हणाले, "हे औषध डोळ्याला जागं करतं आणि माणसाला झोपवतं. हातमोजे काढायचे न्हाईत. आणि आजपासून आठ दिवस दारूला शिवायचं न्हाई. थेंबसुद्धा न्हाई. अंगात हे असताना दारू गेली की माणूस हातचा जातो."

गुजरातमध्ये वर्गाला सांगतात, दारू पिऊ नका! सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने. मी केमिस्ट्रीचा पदवीधर, मला पातळ केलेल्या रसायनाचं भय कोणी घालू नये. हातमोजे दिले ते मापाला मोठे होते, ब्रश धरता येईना, म्हणून अर्ध्या ओळीनंतर काढून खिशात घातले. हात जरा लाल झाले आहेत, बाकी काही नाही.

घरी येऊन अंघोळ केली. संध्याकाळी मयंककडे जायचं आहे, त्याचं घर आमच्याच अकोट्यात, दोन गल्ल्या पलीकडे. आईला सांगितलं, अभ्यासाला जातो. एका अर्थी तो अभ्यासच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज घरी आलो. 

मंगळवारी काय झालं ते लिहून ठेवतो. मयंकने ग्लासात ओतली. मी उजेडात धरून रंग बघितला, वास घेतला, पुस्तकात आहे तसं. त्याला दोन वाक्यं ऐकवली. मग प्यायलो. आंबट होती. अर्धा ग्लास झाला असेल, तोच तोंड पेटल्यासारखं झालं. छाती धडधडायला लागली, श्वास आत जाईना. मयंक म्हणाला, तारो चहेरो तो जो, आणि मला आरशासमोर नेलं. माझा चेहरा बिटासारखा होता. मग पाय गेले.

मयंक माझ्या घरी फोन करायला घाबरला. त्याने खराडे सरांना केला. ते मोटारसायकलवरून वीस मिनिटांत आले आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत माझा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारत होते, "घेतलीस का? खरं सांग. रागावत न्हाई." मी मान हलवली. नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हाही नाही. मला मरायचं नव्हतं, पण या माणसापुढे हो म्हणायचं त्याहून नव्हतं. आता लिहिताना ते विचित्र वाटतं.

मग ते डॉक्टरांना बाजूला घेऊन गेले. काय बोलले ठाऊक नाही. परत आल्यावर डॉक्टरांची धावपळ वाढली. सलाइन, ऑक्सिजन, कसली कसली इंजेक्शनं. कागदावर लिहिलं आहे : शेतीच्या रसायनाचा परिणाम.

बाबा आले तेव्हा मी शुद्धीवर होतो. त्यांनी विचारलं, "हातमोजे घातले होतेस ना?"

मी म्हटलं, "दिले नव्हते."

मोजे मापाचे नव्हते. जे घालता येत नाहीत ते दिले काय, न दिले काय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बाबांनी विद्यापीठाकडे तक्रार दिली. तीन पानी, स्वतःच्या हाताने. मुलांच्या जिवाशी खेळ, मोजे नाहीत, सूचना नाहीत, अर्धशिक्षित माणसाच्या हाती विष. त्यांनी मला वाचून दाखवली आणि विचारलं, काही चुकलंय का. मी म्हटलं, 'प्राणघातक'मध्ये एक मात्रा जास्त पडली आहे. त्यांनी चष्मा लावून ती खोडली. माझा शब्द त्यांनी तपासला नाही, मात्रा तपासली. इतिहासाचा प्राध्यापक ना, पुरावा मागायला हवा होता. मागितला नाही हे त्यांचं चुकलं.

मयंकचा मेसेज : आपण कंई बोलवानुं नथी, म्हणजे तोंड उघडायचं नाही. बरोबर आहे. त्याच्या मामाची बाटली, त्याचं घर, पोलीस आधी त्यालाच धरतील.

आश्चर्य खराडे सरांचं. मी नाही म्हटलं तरी माझा चेहरा बघून त्यांना कळलेलं आहे. एक शब्द बोलले तर मी संपलो, आणि ते गप्प. डीनसाहेबांनी खुलासा मागितला तर म्हणे लिहून दिलं, 'माझ्या देखरेखीखाली घडलं.' एवढंच. भित्रा माणूस. नाहीतर नोकरी जाताना कोण गप्प बसतं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. सुट्टी लागायच्या आधी बागेत जाऊन आलो, कपाटातली पुस्तकं आणायची होती. सरांना वर्ग घेऊ देत नाहीत, चौकशी संपेपर्यंत. जिजाबाई एकट्याच बागेत होत्या.

डोळे फुटले आहेत. मी उगाचच माझ्या ओळीत गेलो. पोपटी कोंब भराभर आले आहेत, दिसायला झकास. मी म्हटलं, बघा, सात डोळ्यांची ओळ. जिजाबाईंनी एक कोंब हळूच उलगडून दाखवला. आत नुसतं पान. दुसरा उलगडला, पान. पाच-सहा बघितले. मग आपल्या ओळीतला एक उलगडला, आत मुगाएवढा घड. त्यांनी मला काही शिकवलं नाही, दाखवलं फक्त, आणि कामाला लागल्या.

मी निघालो तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमचे मोजे त्या दिवशी तुमच्या खिशातनं पडले. मी धुऊन ठेवलेत. सायबांनी विचारलं तर देऊ का दावायला?"

मी विचारलं, विचारलंय का त्यांनी?

"मला कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या. "खराडेदादांनी सांगितलंय, पोराचं नाव घ्यायचं न्हाई. पोर शिकायचंय अजून."

मी बसने घरी आलो. वाटेत स्वतःला समजावत होतो की ही युक्ती आहे, बाईला पढवून ठेवलं आहे. अकोट्यात उतरलो तोवर समजूत टिकली नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. चार दिवस मी चकली खाल्ली, पाहुण्यांना 'आता बरा आहे' सांगितलं. प्रत्येक पाहुण्याला बाबा तीच गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी त्या गोष्टीत खराडे सर थोडे अधिक अडाणी होत होते. हे शब्द माझे होते. जुलैपासून जेवणाच्या टेबलावर मीच ते पेरले होते. माझी भाषा बाबांच्या तोंडून ऐकायला किळस आली.

आज सकाळी बाबा अंघोळ करून बसले असताना सांगितलं. सगळं. मयंककडची संध्याकाळ, मोजे, दोनदा दिलेली ताकीद, रिक्षातला प्रश्न. आई दारात उभी होती.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी तक्रार वाचून दाखवली तेव्हा तू शुद्धीवर होतास?"

"हो."

"आणि मात्रा दुरुस्त केलीस."

"हो."

त्यांनी मान हलवली. ओरडतील असं वाटत होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. आई म्हणाली, आज विद्यापीठाचं कार्यालय बंद असेल. तरी शर्ट अंगात ठेवूनच दिवसभर बसून राहिले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

चौकशी समितीपुढे गेलो. तिघे होते, मध्ये डीनसाहेब. बाबा माझ्या शेजारी. कोपऱ्यात खराडे सर, कात्री नसलेल्या खिशाचा शर्ट घालून.

मी सगळं सांगितलं. मयंकचं नाव घेतलं नाही, एका ओळखीच्या घरी म्हटलं. डीनसाहेबांनी 'दारू' हा शब्द ऐकताच पेन खाली ठेवलं आणि कागद उपडा केला. मग इतक्या मायेने बोलले की मला जुलैतलं भाषण आठवलं. म्हणाले, तू आजारी होतास, आजारी माणसाला नीट आठवत नाही. विद्यार्थी दारू प्यायला हे नोंदलं तर हा अभ्यासक्रम उद्या बंद होईल. शिक्षकाकडून हलगर्जी झाली, ते जाताहेत, तू परीक्षेला बस, विषय संपला.

म्हणजे खोटं बोललो तेव्हा तिघांनी लिहून घेतलं, आणि खरं बोललो तर मला भ्रम झालेला. या लोकांना मी चार महिने हसत होतो. आज कळलं की मी त्यांच्याच पदविकेला बसलो होतो आणि पहिला आलो होतो.

मी गप्प झालो. खरंच झालो. परीक्षेला बस म्हणाले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही.

बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज वर्गातला होता, लहानपणी दाराआडून ऐकायचो तो. "माझ्या मुलाला सगळं नीट आठवतं. तो खोटं बोलला तेव्हाही पूर्ण शुद्धीवर होता. तक्रार माझी आहे, मी ती परत घेतो. आणि का परत घेतो ते लिहून आणलंय, याची पोच द्या."

मग ते कोपऱ्यात गेले आणि खराडे सरांपुढे हात जोडले. सरांनी घाईघाईने त्यांचे हात धरून खाली केले. दोघांनाही पुढे काय करावं कळेना. शेवटी बाबांनी विचारलं, ओलांडा म्हणजे वेलीची आडवी फांदीच ना? सर म्हणाले, "व्हय, तीच. कुठं वाचलंत?" आणि ते दोघं बोलायला लागले. मी खुर्चीत बसून होतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

पत्र आलं. बेशिस्तीबद्दल माझं नाव कमी केलं आहे. बेशिस्त कोणती ते लिहिलेलं नाही. मूल्यवर्धित बेशिस्त असावी.

खराडे सरांवरचा ठपका काढला, पण त्यांनी राजीनामा दिला आहे. जिजाबाईही त्यांच्याबरोबर जाणार. मयंकने फोन उचलणं बंद केलं आहे. विहिरीजवळची ओळ आता कोण बघणार ठाऊक नाही, तिच्यात फार बघण्यासारखं काही नाहीही.

आज बाबा आणि मी एकाच टेबलावर जेवलो. त्यांनी मीठ मागितलं. मी दिलं. एवढंच बोलणं झालं, पण टीव्ही बंद होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरांची बस आज सकाळी होती. मी डेपोत गेलो. जिजाबाई पिशव्यांवर बसल्या होत्या, मला बघून तोंड फिरवलं. सर चहा पीत होते. मला एक सांगितला.

मी वाटेत पाठ केलेली माफी सुरू केली. चांगली होती, चार वाक्यांची. दुसऱ्या वाक्यात त्यांनी हात वर केला.

म्हणाले, "रिक्षात मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा न्हाई म्हणालास. मी डॉक्टरला सांगितलं, घेतलीय. तुझ्या शब्दावर इश्वास ठेवला असता तर आज चहा प्यायला आला नसतास."

माफीची उरलेली वाक्यं मी चहाबरोबर गिळली.  

बस लागली. मी पिशव्या उचलायला गेलो, जिजाबाईंनी दोन स्वतः घेतल्या, एक माझ्यासाठी खाली राहू दिली. ती मी वर चढवली. सर खिडकीत बसले आणि बाहेर वाकून म्हणाले की एप्रिलमध्ये त्यांच्या भावाच्या बागेत छाटणी आहे, बाईंच्या हाताखाली माणूस लागेल. विद्यार्थी म्हणून नाही, कामाला. उन्हात उभं राहायचं, काडी वाकवून बघायची, आणि बाई सांगतील तिथे कापायचं. पुस्तकं आणायची नाहीत.

"येशील?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग बस हलली. त्यांना खरं वाटलं की नाही, कळलं नाही.